विवर : शब्द, अर्थ आणि उपयोग

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेलगत रंकाळा तलाव आहे. येथे पूर्वी दगडाची खाण होती, असे परंपरेने सांगितले जाते. शेजारच्या 'इराणी खणी'च्या नावात तर खाणकामाची खूण आजही टिकून आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथेही काळ्या खडकातील खोलगट जागी पाणी साचले आहे. तथापि त्यास खण न म्हणता 'विवर' म्हणतात. खडक तोच, पाणीही तसेच. मग नावे भिन्न का?

शब्दाचे मूळ

'विवर' हा शब्द 'उघडणे' या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे. 'विवरण' हा शब्दही त्याच कुळातील. छिद्र, भेग, पोकळी हे त्याचे जुने अर्थ होत. 'कर्णविवर' या शब्दात तोच अर्थ आहे. इंग्रजीतील 'क्रेटर' या शब्दाचे मूळ मात्र ग्रीक असून, मद्य व पाणी मिसळण्याच्या रुंद तोंडाच्या पात्राला ते नाव होते. आकाशातील 'चषक' या तारकासमूहाचे पाश्चात्त्य नावही तेच आहे. पुढे ज्वालामुखीचे मुख, चंद्रावरील खळगे आणि बाँबस्फोटाने पडलेले खड्डे यांनाही ते लावले गेले. मराठीत या सर्वांसाठी एकच शब्द वापरण्याचे कारण नाही. ज्वालामुखीला 'मुख', बाँबला 'खड्डा' आणि अशनीच्या आघाताला 'आघातविवर' म्हटल्यास अर्थ स्पष्ट राहतो.

'कृष्णविवर' हा शब्द याहून निराळा आहे. तो खळगा नव्हे. ज्याच्या आकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही अशी ती अतिघन खस्थ वस्तू होय. मूळचे कोल्हापूरचे शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने लिहिलेल्या विज्ञानकथेचे शीर्षकही 'कृष्णविवर' हेच होते. शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर अवश्य ठसवावा.

लोणारचा निवाडा

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. दख्खनचे पठार लाव्हारसाचे बनलेले असल्याने हे ज्वालामुखीचेच मुख असावे, असा समज दीर्घकाळ होता. परंतु येथील बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर विवर त्याहून फारच अलीकडचे आहे. काठावरील खडकांचे थर बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. प्रचंड दाबाखालीच तयार होणारे 'मॅस्केलिनाइट' हे काचसदृश द्रव्यही येथे आढळले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे आघातविवर असल्याचे सप्रमाण मांडले. त्याच्या वयाचे अंदाज मात्र भिन्न आहेत : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. चंद्रावरील अनेक विवरे बेसाल्टमध्येच असल्याने लोणारचा अभ्यास चांद्रविज्ञानासही उपयुक्त ठरतो.

नावाने पडणारा फरक

योग्य नावाचा संबंध केवळ भाषेशी नाही. 'तळे' म्हटले की गाळ काढणे, खोली वाढवणे, काठ बांधून घेणे हीच कामे सुचतात. 'आघातविवर' म्हटले की केवळ पाणी नव्हे, तर काठाचे कललेले थर आणि आघाताने बाहेर फेकला जाऊन सभोवार पसरलेला दगडमातीचा थरही जपण्याजोगा ठरतो. हा थर काठापलीकडे एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत, शेतांखालीही आढळतो. तेथील मुरूम एकदा खणून नेला, की त्यातील पुरावा कायमचा नाहीसा होतो. सरोवरास २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा लाभला आहे. परंतु भूवैज्ञानिक ठेव्याची राखण स्थानिकांच्या जाणतेपणावरच अवलंबून राहील.

म्हणून प्रत्येक गावाने आपल्या परिसरातील जलाशयांची नोंद करताना खण, तळे, कुंड, डोह की विवर, हे त्यांच्या उत्पत्तीवरून ठरवावे. शाळांनी या कामी विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. जलाशय कसा निर्माण झाला हे कळले, म्हणजे त्यातील काय जपावयाचे हेही कळते.