बदकांचा रंग कुठे गेला?

आरे कॉलनीतल्या एका युनिटमध्ये राहणारी माझी एक विद्यार्थिनी परवा प्रयोगशाळेत आली, ती पिशवीत जुना व्हिडिओ गेम घेऊनच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळयंत्र काढले. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे खूप खपल्या. त्यांपैकीच हा एक. तो तिच्या वडिलांनी घेतलेला. वडील आता नाहीत. धाकट्या भावाला तो खेळून दाखवावा म्हणून तिने घरच्या नव्या सपाट टीव्हीला जोडला, तर चित्र आले कृष्णधवल. दुरुस्तीवाल्याने ‘आतली पट्टी गेली, भंगारात द्या’ असा निकाल देऊन टाकला होता.

निकालाआधी पुरावा पाहावा. पडद्याचे छायाचित्र तिच्या मोबाइलवर होते. ते मोठे करून पाहिले, तर आकाशावर आणि गवतावर बारीक ठिपक्यांची जाळी पसरलेली. पांढऱ्या भागावर मात्र ती नव्हती. माझे निम्मे काम तिथेच झाले.

ते कसे? पिवळ्या टोपणाच्या एकाच तारेतून उजेड आणि रंग दोन्ही येतात. एखादी ओळ रेखली जात असताना तारेतला विद्युत्‌दाब जितका जास्त, तितका तो बिंदू उजळ. या दाबावर रंगाची एक वेगवान लहर स्वार झालेली असते. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीत तिची कंप्रता सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झ असते. लहरीच्या उंचीवरून रंग किती गडद ते कळते आणि कलेवरून तो तांबडा की निळा ते कळते. पांढऱ्याला रंग नाही, म्हणून तिथे लहरही नाही. आता सांगा, ते ठिपके कशाचे? टीव्हीने रंगाची लहर रंग म्हणून न वाचता उजेड-अंधार म्हणून वाचली, तिचेच ते ठिपके! म्हणजे खेळ रंग पाठवत होता. पट्टी शाबूत होती.

दोष निघाला जोडणीत. अनेक नव्या संचांत एकच खाच दोन कामे करते. पिवळी तार तिच्यात बसते, आणि उजेड व रंग वेगवेगळ्या तीन तारांनी आणणाऱ्या ‘कॉम्पोनंट’ जोडणीची हिरवी तारही तिच्यातच बसते. हिरव्या तारेत फक्त उजेड असतो, म्हणून ती निवड असताना संच तिथे रंग शोधतच नाही. तिने घरी जाऊन ‘एव्ही’ निवडले आणि गवत हिरवे झाले.

‘एव्ही’ निवडूनही रंग येत नसेल, तर यंत्र अमेरिका-जपानच्या पद्धतीचे आहे का ते पाहा. तिथे रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झची, आणि सेकंदाला ५० ऐवजी सुमारे ६० वेळा पडदा रेखला जातो. असे चित्र काही जुन्या संचांवर वरखाली सरकत राहते. चित्र ठीक पण आवाजाऐवजी खरखर, असे एरिअलच्या खाचेतून जोडल्यावर होते. कारण आपल्याकडे आवाजाचा वाहक चित्राच्या वाहकापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, तर इतर काही देशांत ४.५ किंवा ६.५ वर.

रंग आला, पण उडणाऱ्या बदकांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसू लागल्या. हा दोष नाही, गंमत आहे. आपल्या पद्धतीत ६२५ ओळींचे चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे प्रत्येकी ३१२.५ ओळींत रेखतात. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसऱ्या हप्त्याच्या ओळी पहिल्या हप्त्याच्या ओळींच्या मधोमध पडतात. जुन्या खेळांनी ती अर्धी ओळ गाळली. ते ३१२ ओळी पाठवतात, आणि प्रत्येक हप्ता आधीच्याच जागी बरोबर बसतो. (सेकंदाला १५,६२५ ओळी धरून ३१२ ने भागून पाहा, ५० पेक्षा किंचित जास्त येतील.) चित्रनलिकेला याचे काही वाटत नसे. नवा टीव्ही मात्र दोन हप्ते एकाच चित्राचे अर्धे भाग समजून विणतो, आणि दरम्यान बदक पुढे सरकलेले असते.

बंदूक मात्र नव्या पडद्यावर चालेना. चाप ओढला की खेळ क्षणभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतून गोळी सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश शिरतो. आतल्या प्रकाशसंवेदी घटकाने नेमक्या त्याच वेळी उजेड पाहिला तर नेम लागला. चित्रनलिकेत इलेक्ट्रॉन शलाका येणारा संकेत तत्क्षणी रेखते. सपाट टीव्ही आधी चित्र साठवतो, त्यावर संस्कार करतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन उमटेपर्यंत खेळाने नेम चुकल्याची नोंद केलेली असते! इथे कोणतेही बटण उपयोगी नाही, चित्रनलिकेचाच संच हवा. तो मिळाला तर उघडू मात्र नका. आत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही विद्युत्‌भार टिकून राहू शकतो.

तिच्या शेजारच्या आजींकडे असा एक संच कपाटावर पडून होता. रविवारी दोघा भावंडांनी तो खाली उतरवला. धाकट्याचे पहिले दोन नेम चुकले. तिसऱ्याला बदक पडले.