आधी मोजा, मग बोला! (गेम पॅडची तपासणी ब्राउझरमध्ये)

आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये दोन गेम पॅड आहेत. वर्गणी काढून एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे घेतलेले. ओळखू यावेत म्हणून एकाला लाल आणि दुसऱ्याला निळी इन्सुलेशन टेप लावलेली. या सेमिस्टरला लाल पॅड बिघडला. स्टिकला हात न लावता गेममधला गडी आपोआप उजवीकडे चालायला लागला, आणि ऐन मॅचमध्ये पॅड मध्येच 'मरायला' लागला.

मग चौकशी सुरू झाली. "परवा एफईच्या त्या मुलाच्या हातून पडला होता की!" कुणीतरी म्हणालं आणि खटला तिथंच संपला. नव्या पॅडचे पैसे त्यानं भरायचे, असा निकाल लागला. निकाल देणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे आधीच कबूल करतो. पोरानं मान खाली घालून "भरतो" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॉमन रूममध्ये यायचंच बंद केलं.

दोन दिवसांनी मेसमध्ये माझ्या रूम पार्टनरनं विचारलं, "काय रे, टीई इलेक्ट्रॉनिक्स ना तू? पॅड मोजलास, की नुसताच बोललास?" घास घशातच अडकला. त्या रात्री जे केलं ते इथं लिहितो. साहित्य म्हणाल तर एक लॅपटॉप, एक ब्राउझर आणि जर्नलची दोन पानं.

गेम हा खोटा साक्षीदार

आधी थोडी थिअरी. बहुतेक पॅडच्या स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवर एक वायपर सरकतो, त्याप्रमाणे व्होल्टेज बदलतं आणि त्याचा आकडा कॉम्प्युटरकडे जातो. एफईला केलेला पोटेन्शिअल डिव्हायडर तो हाच! स्टिक सोडली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते. पण पट्टी झिजली, तिच्यावर कचरा बसला किंवा स्प्रिंग सैल झाली, तर मध्य मध्यावर राहत नाही. यालाच ड्रिफ्ट म्हणतात.

आता गंमत बघा. मध्याजवळचे छोटे आकडे गेम मुद्दाम सोडून देतो. या पट्ट्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेड झोन ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. प्रत्येक गेम आपापला आकडा ठरवू शकतो. पण मुद्दा असा की स्टिक २० टक्के सरकलेली असली तरी गेममध्ये पॅड ठणठणीत दिसू शकतो, आणि २५ झाली की 'कालपर्यंत चांगला होता, आज अचानक बिघडला' असं वाटतं. प्रत्यक्षात बिघाड महिनोन् महिने चाललेला असतो.

ब्राउझर का?

कारण तो आपल्याला सरळ आकडे दाखवतो. गेमपॅड एपीआय नावाची सोय क्रोममध्ये २०१२ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१४ पासून आहे. वीसेक ओळींच्या जावास्क्रिप्टमध्ये पॅडचे सगळे आकडे स्क्रीनवर छापता येतात. तयार गेमपॅड टेस्टर मिळतात तेही हेच करतात. स्टिकच्या प्रत्येक अक्षाचा आकडा उणे १ ते अधिक १ असतो. बटणाचा आकडा ० ते १.

सुरुवातीलाच चार ठिकाणी माणूस फसतो, म्हणून सांगून ठेवतो.

१. पॅड जोडला तरी पान 'पॅड नाही' म्हणतं. घाबरू नका. तुमच्या परवानगीशिवाय पानाला तुमचं हार्डवेअर कळू नये म्हणून, एखादं बटण दाबेपर्यंत ब्राउझर पॅड लपवून ठेवतो.

२. स्टिक वर ढकलली की आकडा उणे येतो. हा दोष नाही, पद्धतच तशी आहे.

३. स्टिक मोकळी असताना ०.००३९ असा आकडा दिसतो. ८ बिटच्या पॅडमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. त्यांचा बरोबर मध्य १२७.५ येतो, आणि ती पायरीच नाही! १२८ व्या पायरीचा हिशोब केलात तर हाच आकडा मिळेल.

४. बटणांचे नंबर उलटसुलट येतात. 'स्टँडर्ड' मांडणीत खालचं बटण ०, उजवं १, डावं २ आणि वरचं ३. पण काही स्वस्त पॅडना दोन मोड असतात. चुकीच्या मोडमध्ये नंबर बदलतात, बटणं शाबूत असतात.

कृती

अ) पॅड टेबलावर ठेवा, हात काढा, एक मिनिट चारही अक्षांचे आकडे बघा. एकाच जागी थांबलेला पण शून्यापासून लांबचा आकडा, आणि सारखा थरथरणारा आकडा, हे दोन वेगळे दोष आहेत. वेगवेगळे लिहा.

आ) ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी. स्टिक पूर्ण उजवीकडे नेऊन हळूच सोडा, आकडा लिहा. दहा वेळा करा. मग डावीकडून दहा वेळा, तसंच वर आणि खाली. दोन्ही बाजूंनी येऊन आकडा एकाच जागी थांबत असेल, तर फक्त मध्य सरकलाय. तो कॅलिब्रेशननं सुधारू शकतो. पण उजवीकडून एक आणि डावीकडून दुसराच आकडा आला, तर कॅलिब्रेशन करणार कुठल्या मध्याला?

इ) स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या. आकडा सलग वाढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर त्या जागी पट्टी झिजलेली किंवा घाण आहे.

ई) स्टिक कडेनं गोल फिरवा. दोन्ही अक्षांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ सगळीकडे १ च्या आसपास हवं. एका बाजूला फारच कमी पडलं, तर गेममध्ये त्या दिशेला पूर्ण वेग मिळणार नाही.

उ) प्रत्येक बटण वीस वेळा दाबा, मग दहा सेकंद दाबून धरा. मध्येच सुटलेलं दिसलं तर आतल्या रबराचा संपर्क गेलाय. मागचे ट्रिगर ० पासून १ पर्यंत हळूहळू चढतात का बघा.

ऊ) वायर हलवा, पोर्ट बदला, दुसरा पॅड लावा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला! दोन एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

निरीक्षणं

लाल पॅड, डावी स्टिक, आडवा अक्ष: उजवीकडून सोडल्यावर ०.२९ ते ०.३१. डावीकडून सोडल्यावर ०.०५. सावकाश नेताना मध्याजवळ ठळक उडी. उजवी स्टिक जवळजवळ नवी.

मग सहज म्हणून निळा पॅड लावला, आणि तिथंच माझी झोप उडाली. हा पॅड कधीच पडलेला नाही, त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही. तरी डावी स्टिक, तोच अक्ष: उजवीकडून ०.१४ ते ०.१६, डावीकडून ०.०२. म्हणजे तोच आजार, फक्त अर्ध्या वाटेवर! ०.२४ च्या आत असल्यामुळे गेम तो लपवत होता. याचीही उजवी स्टिक चांगली. कारण उघड आहे. आपल्याकडे फुटबॉल आणि कार रेसिंग चालतं, त्यात डावी स्टिक अखंड घासली जाते, उजवीला फारसं कुणी विचारत नाही.

'मरायचं' कोडंही सुटलं. लाल पॅडची वायर पॅडपाशी वाकवली की ब्राउझर लगेच 'डिसकनेक्टेड' दाखवायचा. पोर्ट बदलला तरी तेच. त्याच पोर्टवर निळा मात्र छान चालला. खेळ संपला की वायर पॅडभोवती करकचून गुंडाळायची सवय आपल्या सगळ्यांचीच. माझीसुद्धा.

निष्कर्ष आणि मर्यादा

पडल्यामुळे काहीच झालं नसेल असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण जो दोष न पडलेल्या पॅडमध्येही त्याच जागी सापडतो, तो वापरातल्या झिजेचा मानणंच योग्य. आणि वापर आपल्या सगळ्यांचा आहे.

या चाचणीच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर ओरलला सर पकडतील. पान साधारण सेकंदाला ६० वेळा आकडे वाचतं, म्हणजे दर १६ ते १७ मिलिसेकंदांनी. बटणाचं बाउन्सिंग काही मिलिसेकंदांचंच असतं, ते इथं निसटू शकतं. बटण दाबल्यापासूनचा उशीरही यानं मोजता येत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोपच हवा.

लॅब असिस्टंट सरांच्या देखरेखीखाली पॅड उघडला. वायरचा तुटका तुकडा कापून पुन्हा सोल्डर केली. स्टिकमध्ये आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघितला. दोन दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. झिजलेला कार्बन स्प्रेनं परत येत नाही. शेवटी नवीन स्टिक मॉड्यूल बसवलं. आता दोन्ही बाजूंनी ०.०२ च्या आत येतो. खर्च नव्या पॅडच्या मानानं किरकोळ, तोही वर्गणीतून.

राहिला एफईचा तो मुलगा. जर्नलची दोन्ही पानं घेऊन त्याच्या रूमवर गेलो. "अरे, चूक माझी होती, मोजायच्या आधीच बोललो," म्हटलं. त्यानं आकडे नीट वाचले आणि विचारलं, "दादा, उभ्या अक्षाची रीडिंग्ज कुठायत?" ती मी घेतलीच नव्हती! मग त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून घेतली. उभा अक्ष दोन्ही पॅडचा ठीक आहे. आणि पोरगा रोज कॉमन रूममध्ये येतो, मला फुटबॉलमध्ये हरवतोसुद्धा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी काही बिघडलं तर माणूस शोधायच्या आधी आकडा शोधा. आणि वायर सैल गुंडाळा!