रस्त्यावरचें स्वयंपाकघर

"रस्त्यावर उभें राहून खाणें बरें नव्हे," असा उपदेश आपण घरोघरीं ऐकतों. ह्या उपदेशांत आरोग्याचा भाग आहे, तसा थोडा तिरस्काराचाहि आहे. पहिला भाग जपून ठेवावा व दुसरा टाकून द्यावा, असें आमचें मत आहे. तें कां, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं आमच्याबरोबर क्षणभर पाहावें.

ज्यास चूल पेटविण्यास सवड, सरपण किंवा जागा नाहीं, त्याची भूक हेंच रस्त्यावरील अन्नाचें मूळ होय. इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथील उत्खननांत रस्त्यांच्या कडेस बांधीव ओटे व त्यांत बसविलेलीं मोठीं मातीचीं भांडीं सांपडलीं. हीं त्या काळचीं खाद्यगृहें होत. २०२० सालीं प्रसिद्धीस आलेल्या अशा एका दुकानांत बदक, डुक्कर, बकरी, मासे व गोगलगाई यांच्या अन्नाचे अवशेष मिळाले. ज्यांच्या घरीं स्वतंत्र स्वयंपाकघर नव्हतें, अशा सामान्य लोकांची भूक हीं दुकानें भागवीत.

आतां आपल्या शहराकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० मध्यें 'खडकी' ह्या नांवानें वसविलेलें हें नगर पुढें औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झालें व २०२३ पासून त्यास छत्रपति संभाजीनगर असें अधिकृत नांव मिळालें. येथील खास पदार्थ म्हणजे नान-खलिया. आंबविलेल्या कणकेची रोटी तंदुराच्या तापलेल्या भिंतीस चिकटवून भाजतात. तिला 'नान' हा फारसी शब्द आहे. मोठ्या देगेंत मंद आंचेवर शिजविलेला मटनाचा रस्सा तो खलिया. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तेव्हां त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ येथें आला, असें परंपरा सांगते. पदार्थाची रीतहि तिला शोभेशीच आहे. हजारों शिपायांनीं निरनिराळ्या चुली कोठें मांडाव्यात? एक देग व एक तंदूर यांवर मोठा समुदाय जेवूं शकतो.

मुंबईच्या वडापावाचीहि कथा अशीच आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनीं तो प्रथम विकावयास आरंभ केला, असें सांगतात. पाळी गांठण्यासाठीं धांवणाऱ्या गिरणी-कामगारास एका हातांत मावणारें, स्वस्त व पोटभरीचें अन्न हवें होतें. ह्या लहानशा पदार्थांत किती देश एकत्र आले आहेत पाहा. बटाटा व मिरची यांचें मूळ अमेरिका खंडांत आहे. 'बटाटा' व 'पाव' हे दोन्ही शब्द मराठीस पोर्तुगिजांकडून मिळाले. हरभऱ्याचें पीठ मात्र आपल्या ओळखीचें.

तथापि अन्न रुचकर असलें म्हणजे निर्दोष असतेंच, असें नाहीं. विषमज्वर, पटकी व एका प्रकारची कावीळ हे रोग दूषित पाण्यानें व अन्नानें पसरतात. उकळत्या तेलांतून नुकताच काढलेला वडा त्या मानानें निर्धास्त असतो. धोका असतो तो कच्च्या चटणींत, बर्फांत, बादलींतील पाण्यांत, न धुतलेल्या हातांत आणि कोमट होऊन तासन् तास पडून राहिलेल्या पदार्थांत. म्हणून गरम असेल तेंच खावें, झांकलेलें असेल तेंच घ्यावें आणि पाणी आपलें आपण न्यावें.

परंतु गाडीवाल्याजवळ नळ नाहीं, हा दोष केवळ त्याचा आहे काय? सिंगापूर येथील सरकारनें १९६८-६९ मध्यें रस्त्यावरील विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ ह्या काळांत त्यांस पाणी व मोऱ्या असलेल्या केंद्रांत जागा दिली. त्याच विक्रेत्यांच्या खाद्यसंस्कृतीस २०२० मध्यें युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादींत स्थान मिळालें. आपल्या देशांतहि २०१४ मध्यें पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन त्यांस विक्रीचें प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणास उठवूं नये आणि नगर पथविक्रेता समितींत निदान शेंकडा ४० सभासद विक्रेत्यांचे असावेत, असें त्यांत सांगितलें आहे. त्याबरोबरच जागा स्वच्छ राखण्याचें कर्तव्यहि विक्रेत्यावर ठेविलें आहे. हक्क व कर्तव्य हीं अशीं जोडीनेंच चालावयाचीं.

शेवटीं एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. पहांटे उठून कणीक मळणारा बाप व बटाटे सोलणारी आई ज्यांच्या घरीं आहे, अशीं मुलें कोणत्याहि शाळेंत आपल्या शेजारीं बसलेलीं असतात. आईबापांचा धंदा सांगतांना त्यांची मान खालीं जात असेल, तर तो दोष त्यांचा नव्हे, ऐकून हंसणाऱ्यांचा आहे. पालकहो, गाडीवरून कांहीं घेतांना "अहो भाऊ," "अहो मावशी" असें म्हणत जा. मुलें तें ऐकत असतात. आणि विद्यार्थ्यांनो, स्वच्छतेचा आग्रह अवश्य धरा, पण तो मायेच्या शब्दांत धरा. पान किंवा कागद वाटेंत न टाकतां पेटींत टाका. ज्यानें आपली भूक भागविली, त्याची जागा स्वच्छ राखण्यास आपला हात लागलाच पाहिजे.