हया आणि मौन

घरात लैंगिक विषय निघाला की आपण गप्प होतो. मुलगी वयात येते, मुलगा बालिग होतो. परंतु गुस्ल केव्हा फर्ज होते, हेही त्यांना सांगायला आईवडील धजावत नाहीत. या मौनाला आपण हया समजतो. ती खरोखर हया आहे काय?

ख्रिस्ती युरोपात सेंट ऑगस्टीन (354-430) यांच्या विचारांच्या प्रभावाने कामवासनेचा संबंध आदिपापाशी जोडला गेला आणि विवाहापेक्षा ब्रह्मचर्य श्रेष्ठ मानले गेले. ज्या प्रेरणेवर पापाची छाया पडली, तिच्याविषयी बोलणेही लाजिरवाणे ठरले. विसाव्या शतकात त्याच समाजांत याची प्रतिक्रिया उमटली आणि संकोचाबरोबर मर्यादाही झुगारली गेली.

इस्लामने ही दोन्ही टोके नाकारली. पवित्र कुरआनने पती-पत्नींना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे (2:187). पत्नीशी समागम हेसुद्धा पुण्यकर्म आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा सहाबांना आश्चर्य वाटले. त्यावर प्रेषितांनी समजावले की, हीच इच्छा निषिद्ध मार्गाने पूर्ण केली तर पाप लागते, मग वैध मार्गाने पूर्ण केल्यास पुण्य का मिळू नये?

मदीनेतील यहुदी मासिक पाळीच्या काळात स्त्रीसोबत जेवतही नसत. सहाबांनी याविषयी विचारले, तेव्हा आयत (2:222) अवतरली. समागमाखेरीज सर्व व्यवहार पूर्ववत ठेवण्यास प्रेषितांनी मुभा दिली. हजरत उम्मे सुलैम (र.) यांनी तर स्वप्नदोष झाल्यास स्त्रीवर गुस्ल आहे काय, असे प्रेषितांना थेट विचारले. हजरत उम्मे सलमा (र.) यांनी संकोचाने चेहरा झाकला, प्रेषितांनी मात्र स्पष्ट उत्तर दिले. धर्म जाणून घेताना लज्जा आड येऊ दिली नाही, म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली.

याचा अर्थ मर्यादा नाही, असा नव्हे. हया ही ईमानची शाखा आहे. शयनगृहातील गोष्टी इतरांना सांगण्यास प्रेषितांनी सक्त मनाई केली. सूरह नूरने (24:58) मुलांना तीन प्रहरी परवानगी घेऊनच आत येण्याची शिकवण दिली. म्हणजेच हया खासगीपणाचे रक्षण करते, अज्ञानाचे नव्हे.

आपण मौन पाळले म्हणून मुले अजाण राहत नाहीत. मोबाईल त्यांना सर्व काही दाखवतो, फक्त हलाल-हराम शिकवत नाही. आईने मुलीला आणि पित्याने मुलाला वेळीच, शालीन शब्दांत हे ज्ञान द्यावे. ही अमानत आहे, आणि तिच्याविषयी आपल्याला जाब द्यावा लागेल.