हायब्रिड गाडी घेण्यापूर्वी हिशेब मांडा

कापडाच्या तागेवर ‘मिक्स’ असा शिक्का असला, तर जाणता व्यापारी लगेच भाव बोलत नाही. सूत किती आणि पॉलिएस्टर किती, हे तो आधी विचारतो. पाच टक्के मिसळले तरी मिक्स आणि पन्नास टक्के मिसळले तरी मिक्सच. भाव मात्र दोहोंचा सारखा नसतो. मोटारींच्या बाजारात आज ‘हायब्रिड’ हा शब्द असाच चालतो. दुकान, गोदाम, वसुली आणि घरची मंडळी या सर्वांना उपयोगी पडेल अशी एक गाडी घ्यावी, असा विचार आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू करीत असतात. त्यांना हा शब्द नीट समजावा म्हणून आम्ही एक गाडी उदाहरणादाखल घेतली आहे. ती म्हणजे मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा.

गाडीची ओळख

ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. मारुतीचे नाव असले तरी ती बंगळुरूजवळच्या बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात तयार होऊ लागली. टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर ही तिची जुळी बहीण. म्हणून खाली इंजिनाविषयी जे लिहिले आहे, ते बहुतांशी दोन्ही गाड्यांना लागू पडते. लांबी ४,३४५ मिलिमीटर, बसण्याची सोय पाच जणांची.

एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने तिच्यात सुधारणा केल्या. त्यांतील सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे सहा एअरबॅग सर्व प्रकारांत मिळू लागल्या. पूर्वी स्वस्त प्रकारांत दोनच असत. इंजिन २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी योग्य केले गेले. वरच्या प्रकारांत ड्रायव्हरची सीट बटणाने पुढे-मागे होते आणि मागच्या दारांना उन्हाचे पडदे आले. पडदे आणि बटणे ही शोभेची बाब. एअरबॅग ही जिवाची बाब. घासाघीस करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

एक नाव, दोन माल

या गाडीत दोन प्रकारचे हायब्रिड आहे. पहिला प्रकार माइल्ड हायब्रिड. यात १,४६२ सीसीचे, सुमारे १०३ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे आणि त्याला पट्ट्याने जोडलेली एक लहान मोटर. ही मोटर सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करते आणि वेग घेताना थोडा हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही.

दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रिड. यात १,४९० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे ८० अश्वशक्तीची विजेची मोटर आहे. दोन्हींची मिळून शक्ती सुमारे ११६ होते. कमी वेगात इंजिन बंद राहून गाडी केवळ विजेवर चालू शकते. तिची बॅटरी मात्र लहान आहे; जेमतेम पाऊण युनिट वीज तिच्यात मावते. म्हणून ती घरी वायर लावून भरायची नसतेच. ब्रेक दाबल्यावर जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचीच वीज बनून बॅटरीत जाते. उरलेली इंजिन भरून काढते.

यावरून एक गोष्ट उघड होते. जिथे ब्रेक वारंवार लागतो आणि वेग कमी असतो, तिथे या यंत्राची कमाई जास्त. मोकळ्या महामार्गावर सरळ धावताना तिचा फायदा घटतो.

वसूल होते का?

आता हिशेबाकडे येऊ. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे माइल्ड हायब्रिडची ऑटोमॅटिक गाडी लिटरला २०.५८ किलोमीटर देते आणि स्ट्राँग हायब्रिड २७.९७. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच असते, म्हणून तुलनाही ऑटोमॅटिकशीच करावी. १०० किलोमीटरला पहिलीला ४.८६ लिटर लागते, दुसरीला ३.५८. बचत १.२८ लिटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर किलोमीटरमागे १ रुपया २८ पैसे वाचतात.

समजा, दोन गाड्यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक आहे. तो भरून निघण्यास सुमारे १,५६,००० किलोमीटर चालावे लागेल. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्यास तेरा वर्षे लागतील, ३०,००० फिरणाऱ्यास पाच वर्षांहून थोडी अधिक. या गाडीच्या हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते. म्हणजे कमी फिरणाऱ्याचे पैसे वसूल होण्याआधीच बॅटरीची वॉरंटी संपलेली असेल.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. समजा, तुमची गाडी दिवसभर शहराच्या गर्दीत अडकते. तिथे साधी ऑटोमॅटिक लिटरला १२ देते आणि स्ट्राँग हायब्रिड २२. मग १०० किलोमीटरला जवळपास ३.८ लिटर वाचेल आणि दोन लाखांचा फरक ५३,००० किलोमीटरच्या आसपास निघून जाईल. वर्षाला १२,००० किलोमीटर असले तरी साडेचार वर्षांत. गाडी तीच, मालक वेगळा, रस्ता वेगळा. म्हणून नफाही वेगळा.

कराचा गैरसमज

बिल दुकानाच्या नावे घेतले की जीएसटी परत मिळतो, असा समज बाजारात आहे. तो चुकीचा आहे. माणसे वाहणाऱ्या तेरापर्यंत आसनांच्या गाडीवर साध्या व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोवर मिळते. घसारा धरता येतो, पण गाडी धंद्यासाठी वापरली जाते तेवढाच. यात आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे.

दुसरे असे की, २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी या गाडीच्या माइल्ड हायब्रिडवर उपकर धरून ४५ टक्के आणि स्ट्राँगवर ४३ टक्के कर होता. त्या तारखेपासून दोन्हींवर ४० टक्के झाला. स्ट्राँग हायब्रिडला करात असलेली दोन टक्क्यांची सवलत संपली. म्हणून जुन्या किमतींवर केलेली तुलना आता चालणार नाही. दोन्हींचा ताजा भाव एकाच दिवशी लेखी घ्यावा.

घेताना काय पाहावे

स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी मागच्या भागात असल्याने डिकी लहान होते. नमुन्यांचे गठ्ठे नेणाऱ्याने आपला गठ्ठा शोरूममध्ये नेऊन ठेवून पाहावा. यात लाजण्यासारखे काही नाही. सीएनजीचा प्रकार २०२३ मध्ये आला, किलोला २६.६ किलोमीटर असा त्याचा दावा आहे, परंतु टाकीही डिकीतच बसते.

जुनी गाडी घेणाऱ्याने एक चौकशी जरूर करावी. डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या ३९,५०६ ग्रँड व्हिटारा कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. इंधनाचा काटा चुकीचे दाखवण्याची शक्यता होती. ते काम झाले आहे की नाही, हे चासी नंबरवरून शोरूममध्ये कळते.

आमचे सांगणे इतकेच. गेल्या तीन महिन्यांत आपण किती किलोमीटर फिरलो, त्यांतले गर्दीत किती आणि महामार्गावर किती, हे एका वहीत लिहून काढा. गर्दीत फार फिरणे असेल, तर स्ट्राँग हायब्रिडला दिलेले जास्त पैसे कामी येतील. आठवड्यातून दोनदा बाजारगावी जाऊन येणाऱ्याने माइल्ड घ्यावी आणि उरलेले दोन लाख मालात गुंतवावेत. गाडी उभी राहिली तर तिची किंमत उतरत जाते, आणि माल फिरत राहिला तर धंदा उभा राहतो.