हुंडी वेळेवर न वटवल्यास: 'आर' भाषेतील फंक्शननिर्मिती

'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत फंक्शन ही संख्येसारखी किंवा यादीसारखीच एक वस्तू मानली जाते; त्यामुळे प्रोग्रॅम चालू असतानाच नवे फंक्शन घडवून ते यादीत ठेवता येते किंवा उत्तर म्हणून परतही करता येते. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही भाषा रचताना तिचे बाह्यरूप बेल लॅब्जच्या 'एस' भाषेवर बेतले, परंतु चलाचे मूल्य कोठे शोधायचे याचा नियम 'स्कीम' भाषेकडून घेतला. त्यानुसार फंक्शन जेथे जन्मते तेथील चलांचा संच, म्हणजे त्याचे 'एन्व्हायर्नमेंट', ते कायम सोबत बाळगते. या जोडीला 'क्लोजर' म्हणतात.

शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव या पुण्यातील तीन हवामानकेंद्रांच्या पावसाच्या नोंदींवर काम करताना प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेली चूक या जोडीतच दडलेली होती. नोंदीतून त्या-त्या केंद्राची सरासरी वजा करणारे फंक्शन हवे असल्याने, केंद्राचे नाव घेऊन असे फंक्शन परत करणारे एक 'कारखाना' फंक्शन लिहिले गेले व 'फॉर' लूपमधून तीनदा चालवले गेले. एरर कोठेही आला नाही. मात्र शिवाजीनगरचा पाऊसही लोहगावच्याच सरासरीशी ताडला जात होता. तिन्ही फंक्शने छापून पाहिली तरी त्यांचा मजकूर अक्षरशः एकच दिसे. त्याहून चकवणारी गोष्ट अशी की, तपासणीसाठी लूपच्या आतच प्रत्येक फंक्शन एकदा वापरले की उत्तरे बरोबर येत आणि तपासणीची ती ओळ काढली की पुन्हा चुकत.

याचे मूळ 'लेझी इव्हॅल्युएशन'मध्ये आहे. फंक्शनला दिलेले मूल्य आर लगेच काढत नाही, तर गरज पडेल तेव्हा काढण्याची जणू हुंडी लिहून ठेवते, जिला 'प्रॉमिस' असे नाव आहे. लूप संपेपर्यंत ती वटवली नाही, तर पुढे वटवताना लूपच्या चलात उरलेले शेवटचे नाव, म्हणजे लोहगाव, हाती येते. लूपमधील तपासणीने हुंडी वेळेवर वटत होती, इतकेच.

उपाय एका ओळीचा आहे: कारखान्याच्या आरंभीच 'फोर्स' वापरून नाव तिथल्या तिथे पक्के करावे. कारखाना न लिहिता फंक्शन थेट लूपमध्ये लिहिले, तर मात्र 'फोर्स' निरुपयोगी ठरते, कारण 'फॉर' लूप प्रत्येक फेरीला वेगळे एन्व्हायर्नमेंट देत नाही. २०१५ मधील ३.२.० आवृत्तीपासून 'एलअप्लाय' हे मूल्य स्वतःच आधी काढून घेते. 'फॉर'ला ते संरक्षण नाही. मजकूर जोडून 'पार्स' व 'इव्हॅल' करण्याची पळवाट टाळलेलीच बरी, कारण नावात एखादे अवतरणचिन्ह आले की ती कोलमडते. मूल्य मजकुरातच बसवायचे असेल तर 'बीकोट' वापरावे. तपासणी लूप संपल्यानंतर आणि यादीतील पहिल्या केंद्रापासून करावी. शेवटच्या केंद्राचे उत्तर या चुकीतही बरोबरच येते.