बटण दाबलं, पण डिकी उघडेना!

पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात ओहमच्या नियमावर हमखास एक गणित असतं. बॅटरी दिलेली, रेझिस्टन्स दिलेला, करंट काढायचा, दोन मार्क खिशात टाकायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. तोच नियम चौतीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारच्या डिकीत दडून बसला तर किती छळतो, ते या लेखात सांगणार आहे. मेकॅनिकलवाल्यांनीही पान उलटू नये. यात अर्धा भाग तुमचाच आहे.

गाडी माझ्या मामेभावाची. दादा अमेरिकेत नोकरीला आहे आणि त्याच्याकडे १९९० सालची फोर्ड मस्टँग आहे. मस्टँगची ही तिसरी पिढी, १९७९ ते १९९३ या काळातली. हौशी मंडळी तिला ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन आणि हलकं शरीर, त्यामुळे या गाडीत फेरफार करणाऱ्यांची तिकडे रांगच लागलेली असते. दादाच्या आधीच्या मालकांनीही हात धुऊन घेतले होते. वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत ठेवलेली, मागे स्पॉयलर चढवलेला, रिमोटवाला अलार्म लावलेला, सगळ्या गाडीला नवा रंग दिलेला. आणि मागचा भाग ‘क्लीन’ दिसावा म्हणून डिकीचं चावीचं भोकच बुजवून टाकलेलं!

आता हे सगळं एकत्र वाचा. डिकी फक्त विजेवर उघडते आणि वीज देणारी बॅटरी त्याच डिकीत बंद आहे. बॅटरी उतरली तर डिकी उघडणार नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला जंप देता येणार नाही. कपाटाची चावी कपाटातच ठेवून कपाट ओढून घेण्यातला प्रकार. २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिकडे होतो, तेव्हा बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज यायचा आणि डिकी ढिम्म. इंजिन चालू असेल तर दहातून सहा-सात वेळा उघडायची. कुणी झाकण वरून दाबून धरलं तर बहुतेक वेळा उघडायची. दादाचं म्हणणं, “सॉलेनॉइड गेलाय, नवा मागवतो.” मी म्हटलं, दादा, आधी मोजूया.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटशेजारी खटका असतो, त्याला केबल, आणि केबल ओढली की लॅच सुटतं. विजेच्या प्रकारात केबलचं काम सॉलेनॉइड करतो. तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या पोटात सरकणारा लोखंडी प्लंजर. कॉइलमध्ये करंट गेला की प्लंजर आत खेचला जातो आणि लॅचची दांडी ओढतो. या मस्टँगमध्ये मूळ बटण ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. तिथून एक तार मागे जाते, बिजागरीजवळून झाकणात शिरते आणि सॉलेनॉइडला मिळते. परतीची वेगळी तार नाही. सॉलेनॉइडचं अंग झाकणाच्या पत्र्याला, पत्रा बिजागऱ्यांमार्फत बॉडीला आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला. आपले ऑटो इलेक्ट्रिशियन ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो हा.

पहिली चाचणी हत्याराविना होते. डिकी उघडी असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅच दाबून बंद करायचं आणि मग बटण दाबायचं. आम्ही दहा वेळा केलं, दहाही वेळा लॅच सुटलं. म्हणजे लॅच जाम नाही, कॉइल तुटलेली नाही, बटणही काम करतंय. पण झाकण बंद असताना कडेचं रबर झाकणाला वर ढकलत असतं आणि त्या ताणाने लॅचचा आकडा घट्ट अडकतो. तेवढा ताण सोडवायला लागणारा जोर सॉलेनॉइडकडे नाही. वरून दाबलं की उघडते, त्याचं कारण हेच. इथे दोन वाटा फुटतात: एक तर लॅच प्रमाणाबाहेर घट्ट बसवलंय, नाहीतर सॉलेनॉइड अशक्त झालाय. पुष्कळजण इथेच पान्हा घेऊन लॅच खालीवर सरकवायला लागतात. मग पावसात डिकीत पाणी शिरतं आणि दुरुस्तीची दुरुस्ती सुरू होते.

आम्ही मल्टिमीटर घेतला. सॉलेनॉइडच्या टर्मिनलवरची तार काढली, तिचं टोक आणि बॉडी यांच्यात मीटर लावला, बटण दाबलं. १२.६ व्होल्ट! बॅटरीवरही १२.६. दादा म्हणाला, “बघ, सप्लाय पूर्ण आहे, सॉलेनॉइडच गेलाय.” बहुतेक चांगले सॉलेनॉइड याच वाक्याने कचऱ्यात जातात, असं माझं मत आहे.

डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम. त्यातून वाहणारा करंट जवळजवळ शून्य. मग वाटेत एक ओहमचा गंजका जोड असो नाहीतर शंभर ओहमचा, शून्य करंटला व्होल्टेज ड्रॉपही शून्यच. मीटर खोटं बोलत नाही, आपणच त्याला सोपा प्रश्न विचारतो. बरं, टेस्ट लॅम्पने तरी कळेल का? ५ वॅटचा दिवा ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे एक ओहमवर ड्रॉप जेमतेम ०.४ व्होल्ट. दिवा झक्क पेटतो. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला तर तो स्पष्ट मंद दिसतो, कारण तो साडेचार अँपिअरच्या आसपास मागतो. मीटर नसेल तेव्हा ही युक्ती फार कामाची.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. मीटरने १.५ ओहम दाखवला, पण दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३ येत होता. तो वजा करून १.२ ओहम. तेव्हा हिशेबाने करंट १२.६ भागिले १.२, म्हणजे साडेदहा अँपिअर व्हायला हवा. (हे १३० वॅट झाले. म्हणून बटण दोन सेकंदांच्या वर दाबून धरू नका. ही कॉइल क्षणभराच्या कामासाठी असते, तापून जळते.)

मग तार परत जोडली आणि खरं माप घेतलं. बटण दाबलेलं असताना, म्हणजे करंट वाहत असताना, तीन ठिकाणी मीटर लावला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सॉलेनॉइडच्या टर्मिनलपर्यंत ०.५ व्होल्ट. खुद्द सॉलेनॉइडवर ६.९ व्होल्ट. आणि सॉलेनॉइडच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ५.२ व्होल्ट! तिन्हींची बेरीज १२.६, किरचॉफसाहेब खूश. चोर अर्थमध्ये होता.

करंट निघाला ६.९ भागिले १.२, साधारण ५.७ अँपिअर. निम्म्याहून थोडा जास्त. पण जोर निम्मा राहिला नव्हता! लोखंड संपृक्त होत नाही तोवर सॉलेनॉइडची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५.७ भागिले १०.५ याचा वर्ग करा, ०.३ सुद्धा भरत नाही. सत्तर टक्के जोर गायब. शिवाय ही ओढ हवेच्या फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने प्लंजर बाहेर असताना, म्हणजे सुरुवातीलाच, ती सर्वात कमी असते. एकदा हलला की पुढे सोपं, पण हलायलाच तयार नाही. इंजिन चालू असताना डिकी का उघडायची तेही इथेच कळतं. ऑल्टरनेटरमुळे व्होल्टेज १४.२ होतं, करंट ६.५ च्या घरात जातो आणि जोर सव्वापट होतो. उघडणं न उघडणं अगदी काठावर होतं.

अर्थमध्ये ०.९ ओहम आला कुठून? रंगातून. गाडी रंगवताना झाकण आणि बिजागऱ्या सुट्या करून रंगवल्या आणि रंगावरच बोल्ट आवळले. रंग म्हणजे इन्सुलेशनच. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून, तिथेही गंज. सॉलेनॉइडच्या बोल्टखाली थिंबल लावून जाड काळी तार घेतली आणि बिजागरीजवळ सैल वळण ठेवून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली. पत्र्यावर भरवसा नको.

ते करताना बिजागरीजवळची जुनी पॉझिटिव्ह तारही सोलून पाहिली. झाकण उघडझाप करताना तार तिथेच वाकते, आतले तंतू एकेक करून तुटत जातात आणि वरचं आवरण शाबूत राहतं. दोन तंतू उरले तरी कंटिन्युइटीचा बझर आनंदाने वाजतो. आमच्या तारेचे काही तंतू गेले होतेच, म्हणून तेवढा तुकडा बदलला. बटणावरचा भार कमी करायला बॅटरीजवळ एक रिले बसवला: ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला सॉलेनॉइड, ८५ आणि ८६ ला रिलेची कॉइल. बटण आणि अलार्म आता फक्त रिले ओढतात, त्याला ०.१५ अँपिअर पुरतो. सॉलेनॉइडवर उलटा डायोड टाकला, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे, नाहीतर कॉइल सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका रिलेचे कॉन्टॅक्ट खातो. एक सावधगिरी: १९९० च्या मस्टँगपासून ड्रायव्हरला एअरबॅग आली, त्यामुळे स्टिअरिंगच्या आसपासच्या तारांत टेस्ट लॅम्प खुपसू नये.

नंतरचं माप: करंट १० अँपिअर, सॉलेनॉइडवर १२ व्होल्ट. लॅचला हात न लावता डिकी पहिल्या दाबाला उघडली.

तरी बॅटरी पूर्ण उतरली तर काय, हा प्रश्न उरतोच. त्याला इलाज विजेचा नाही, तारेचा आहे. सायकलच्या ब्रेकची केबल लॅचच्या दांडीला बांधून मागच्या सीटच्या पाठीमागे आणली. बॉनेटखाली बॅटरीच्या केबलवर जंप द्यायला टोपणवाला खिळा काढला, आणि त्या लांबलचक केबलला बॅटरीपाशीच मोठा फ्यूज घातला. केबलची दुसरी शाखा डिकीच्या आत सोडली. १९९८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत तीन आठवड्यांत तीन घटनांमध्ये ११ मुलं डिकीत अडकून दगावली. त्यानंतर तिथे नियम झाला आणि १ सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या डिकीवाल्या गाड्यांत आतून उघडण्याची सोय सक्तीची झाली. दादाची गाडी त्याच्या अकरा वर्षं आधीची, तिला नियम लागू नाही. पण घरात पाच वर्षांची पुतणी आहे, म्हणून तिच्या हाताला सापडेल अशा उंचीवर अंधारात चमकणारं हँडल लावलं आणि ते ओढायचं कसं हे तिला डिकी उघडी ठेवूनच शिकवलं.